गुडघाभर पाण्यातला बाप्तिस्मा

बुद्धभूषण हे लिहिणारच नव्हता. दोनदा मोबाईलवर लिहाले बसला, दोनदा पुसून टाकलं. एक त हे त्याच्या घरचं प्रकरण नाही. तो बौद्धाचा पोट्टा, रायपूरच्या गुढियारीत विहाराच्या गल्लीत राहते. चर्चच्या भानगडीत त्यानं नाक काहून खुपसावं? दुसरं म्हणजे त्याच्या दोस्ताच्या, निरंजनच्या आईनं हात जोडून सांगितलं होतं, "बेटा, बाहेर बोंब नको करू. बाहेरचे लोक आधीच आमच्यावर डोळे लावून बसले आहेत. घरातलं भांडण चौकात गेलं त आम्ही दोन्हीकडून मार खाऊ."

ते खरंच होतं. म्हणून तो गप्प बसला.

मग चर्चची स्मरणिका छापून आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर रंगीत फोटो, अन् पूर्ण पुस्तकात निरंजनच्या शेवंता आजीच्या मायचं नाव कुठंच नाही. तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. गप्प बसून भलं कोणाचं झालं? ज्यानं खोटं छापलं त्याचंच न!

त झालं असं. बुद्धभूषण भैय्यालालच्या दुकानात टायपिंगचं अन् फ्लेक्सचं काम करते. कोणी शिकवलं नाही, दुसऱ्याच्या बोटाकडं पाहून पाहून शिकला. निरंजन त्याचा शाळेपासूनचा दोस्त. उरला इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात फिटर आहे, बीरगांवात खोली करून राहते. पण त्याचं घर अन् त्याचं चर्च पुढं डुमरडीह गावात. चर्च म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर उंच मनोरा येत असन, त तसं काही नाही. मातीच्या जाड भिंती, वर टिन, दारावर लाकडाचा क्रूस. गावाच्या कडेले एक पारा आहे, म्हणजे मोहल्ला, तिथले मोजके घरं या चर्चचे. बाकी सारे छत्तीसगढी, एक निरंजनचंच घर मराठी. त्याच्या आजीचा बाप नत्थू, गोंदियाकडून रेल्वेच्या गँगमध्ये आला अन् इथंच राहून गेला.

हे लोक बाप्टिस्ट. यायच्यात तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस मोठा झाला, त्याले समजाले लागलं, की तो स्वतः साऱ्यायसमोर उभा राहून साक्ष देते, मी हे काहून करून राहिलो ते सांगते. मग त्याले पूर्ण पाण्यात बुडवतात. केस न् केस भिजला पायजे. त्या दिवसापासून तो मंडळीचा मेंबर, अन् मेंबराले सभेत हात. बाई असो का माणूस, हात सारखाच. निरंजन मोठ्या तोऱ्यात सांगे, "अपने में बिशप-फिशप कुछ नहीं बे. आपण हात वर करतो, बस."

त्याच हातानं घात केला.

यंदा चर्चची पंच्याहत्तरी होती. कार्यक्रमाची कमिटी रायपुरात, तिचे अध्यक्ष यशवंतराव, रायपुरातले मराठी, पण याच मंडळीचे मेंबर. सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, कडक इस्त्रीची सफारी, बोलणं असं की गुळाची ढेप. त्यायनं स्मरणिकेचा मजकूर हिंदीत लिहिला अन् निरंजनच्या हातून दुकानात पाठवला. निरंजननं तो उघडूनही पाहिला नाही. देव जाणे, इतक्या विश्वासानं लोक कागद कसे काय वाहून नेतात.

टाईप करणारा माणूस अर्थ वाचत नाही, अक्षरं वाचते. बुद्धभूषणही तसाच चालला होता. "इस मंडली की स्थापना पूज्य साहब के करकमलों से हुई." ठीक. "अंधकार में पड़े इस ग्राम में." ठीक, सारेच असं लिहितात. पुढं आलं, की साहेबाच्या आधी गावातल्या काही अज्ञानी लोकायनं आपल्या मनानं जी जलविधी केली ती अवैध होती. त्यातल्या एकमेव हयात श्रीमती शेवंताबाई यांचा या जयंतीच्या पावन दिवशी विधिवत बाप्तिस्मा केला जाईल.

त्याची बोटं थांबली. शेवंताबाई? म्हणजे निरंजनची आजी? जी दरवेळी तांदळाचा गरम चीला वाढते अन् विचारते, "काय गा भूषण, लगन कव्हा करतं? मी मेल्यावर?" नव्वदीले टेकलेली बाई. तिले आता बुडवतात?

त्यानं फोन लावला.

"अबे, तुह्या आजीचा बाप्तिस्मा झाला नाही का?"

"हुआ है न बे, कबका. मेरे पापा भी पैदा नहीं हुए थे. काहून?"

"मग हे वाच." अन् त्यानं फोटो काढून पाठवला.

निरंजनचं उत्तर लवकर आलं नाही. आलं तेव्हा एवढंच होतं, "रविवारी चल गावाले."

रविवारी दोघं गाडीवर निघाले. बीरगांव मागं टाकलं, कारखान्यायचा काळा धूर मागं टाकला, डुमरडीहले पोचले. चर्चच्या अंगणात नवी टाकी बांधली होती. निळ्या टाईल्स, चकाचक स्टीलचा कठडा, उतरायले पायऱ्या. एखाद्या हॉटेलातला स्विमिंग पूल उचलून आणून ठेवल्यासारखी. अन् मागच्या बाजूले जुनी डबरी. डबरी म्हणजे लहान तलाव, कडेले बेशरमाचे झुडपं, पाण्यावर शेवाळ. तिच्या काठावर कमिटीनं रेतीचा ढीग टाकून ठेवला होता.

शेवंता आजी ओट्यावर भाजी निवडत बसली होती. बुद्धभूषणनं तिले सरळच विचारलं. त्याले आडून बोलता येत नाही.

"आजी, तुले कोणी बुडवलं होतं?"

"मायनं." आजीनं भाजीतून मानही वर केली नाही. "शांता तिचं नाव. काहून गा, तुले बुडाचं हाय का?"

निरंजन हसला नाही. मग आजीनं टोपली बाजूले सारली.

"गावच्या तलावात आमाले उतरू देत नव्हते. मालगुजाराचा घाट. म्हशी लोळत त्यात, पण आमी पाय घातला का पाणी बाटे. आता बाप्तिस्मा घ्यावं त पाणी पायजे. मंग बाप बोलला, आपलं पाणी आपण काढू. साऱ्या पाऱ्यानं मिळून हे डबरी खणली. मिशनच्या साहेबानं सांगून धाडलं, धान कापून झालं का मी येतो. धान कापलं, मळलं, कोठीत गेलं. साहेब काई आला नाही. शिमगा झाला. पाणी रोज खाली जाये. माय सकाळी उठली का पयले डबरीवर जाये पाहाले."

"साहेब काहून नाही आला?"

"मले का ठाव? साहेब लोकायले कामं असतात." आजीनं नाक उडवलं. "एक दिवस पाणी गुडघ्याले आलं. अन् त्या साली हैजा होता, पटकीची साथ, रोज एखाद्या घरातून रडणं आयकू ये. माय म्हणे, आज नाही त पुढल्या साली. अन् पुढल्या सालापर्यंत कोण जितं राहीन त्याचा भरोसा काय? तिले वाचता येत होतं, मिशनच्या दवाखान्यात आया होती न. तिनंच पुस्तक धरलं. साऱ्यायची साक्ष घेतली. मीबी दिली. लहान होती, पण दूधपीती नव्हती, मले समजे."

"पण गुडघाभर पाण्यात माणूस बुडते कसा?"

आता आजीले हसू फुटलं. "आडवा पाडून! बाप माहा हा लंबा मानूस. पाय बुडवले त नाक वर, नाक बुडवलं त पाय वर. दोघायनं छातीवर हात ठेवून दाबला तव्हा बुडला. मंग बापानं मायले बुडवलं. मी निघाली त नाकातोंडात चिखल. मी लागली रडाले. माय म्हणे, रडू नको, देवानं पयला मानूस मातीचाच केला होता."

"मग साहेब आलाच नाही?"

"आला न. पुढल्या हिवाळ्यात. मोठा तमतमला. बाईनं बाप्तिस्मा दिला म्हणे, हे चालत नाही, आता साऱ्यायले मी पुन्हा देतो. माय त्याच्यासमोर उभी राहिली, डोक्यावर पदर, अन् म्हणे, साहेब, जलमलेल्या लेकराले पुन्हा पोटात घालता येते का? साहेब खाली बसला. मंग पाणी मागितलं. मायच्या लोट्यातून पेला. अन् त्याच संध्याकाळी आमच्याबरोबर बसून त्यानं प्रभूची भाकर मोडली, जे बाप्तिस्मा झालेल्यायबरोबरच मोडतात. कोणाले पुन्हा बुडवलं नाही." आजीनं टोपली परत ओढली. "हव, असं झालं. अन् आता हे यशवंत मले इतिहास शिकवते. त्याच्या मायचं लगन मी पाह्यलं हाय."

बुद्धभूषणच्या डोक्यात त्याचा पणजोबा आला होता. तोही रेल्वेतलाच. नागपूरले दीक्षेले जायले सुट्टी नाही मिळाली. गँगमधला एक सोबती जाऊन आला, त्यानं जे ऐकलं ते क्वार्टरच्या मागं म्हणून दाखवलं, अन् यायनं हात जोडून त्याच्यामागं म्हटलं. भंतेजी नव्हते, स्टेज नव्हतं. उद्या कोणी सफारीवाला येऊन म्हणाला की ते काही खरं नव्हतं, पुन्हा घ्या, फोटो काढू, त? ज्यायले गावानं पाण्यात उतरू दिलं नाही, त्यायनं स्वतः पाणी काढलं. अन् आता त्यायच्याच घरचा माणूस म्हणते, ते पाणी अवैध!

उपासना झाल्यावर सभा बसली. यशवंतराव रायपूरहून पांढऱ्या गाडीनं आले होते. बायका एकीकडं सतरंजीवर, माणसं दुसरीकडं. आजीले खुर्ची दिली. बुद्धभूषण दारात उभा राहिला, त्याले आत बसाचा हक्क नव्हता.

यशवंतरावायनं आजीशी मराठीत, अगदी प्रेमानं सुरुवात केली. "आजी, तुमचा मान म्हणूनच हे ठेवलंय. फक्त एक डुबकी. पाणी कोमट करून देऊ. दोन तरुण धरतील तुम्हाला."

"कायले?" आजी म्हणाली.

"कसं आहे, पाहुणे बाहेरून येतायत. एका बाईनं, जिला पाळकाचा अधिकार नाही, तिनं चिखलात झोपवून बाप्तिस्मे दिले, असं छापलं तर हसं होईल आपलं. आपल्या भल्यासाठीच सांगतो."

"कोण हासन? तुमचे पाहुणे? हासू द्या. आमीबी हासलो होतो."

बायकायच्या सतरंजीवर खसखस पिकली. यशवंतरावायचा चेहरा जरासा उतरला, पण आवाज तसाच गोड. "आजी, हट्ट नको. मेंबर म्हणून तुमचं नाव ठेवायचं तर एकदा विधिवत व्हायला हवं. आणि कब्रस्तान फक्त मेंबरांसाठी आहे. हा नियम काही मी नाही केला."

त्या कब्रस्तानाचा अर्थ तिथं साऱ्यायले माहीत होता. गावच्या जमिनीत यायच्या मुर्द्याले जागा देत नाहीत. चर्चमागची तेवढीच पट्टी आहे. तिथं आजीची माय आहे, बाप आहे, नवरा आहे, एक लेक आहे. आजीची जागा मायच्या शेजारी, हे पाऱ्यातलं लहान लेकरूही सांगते. अन् यशवंतराव ते असं बोलले जसं पार्किंगचा नियम सांगून राहिले.

आजी खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"ठीक हाय. घेते डुबकी."

यशवंतराव हसले.

"पण माही एकटीची काहून? मायनं बुडवलं ते समदंच खोटं न? मंग चला मागं. मायले उकरा. बापाले उकरा. माह्या मानसाले उकरा, त्यालेबी मायनंच बुडवलं होतं. समद्यायले उठवा, रांगेनं आना तुमच्या त्या निळ्या टाकीवर. सगळ्यायच्या मागं मी उभी राहते."

अन् ती खाली बसली.

एवढं ऐकून माणसानं काय करावं? माणूस असन त माफी मागन. यशवंतरावायनं घड्याळ पाहिलं. "भावनेचा प्रश्न नाही हा," ते म्हणाले. "आपण बाप्टिस्ट आहोत. मंडळी ठरवेल. कमिटीचा इतिहास आणि कार्यक्रम ज्यांना मंजूर, त्यांनी हात वर करावे. शेवंताबाई, तुम्ही नाही हं. तुमचं अजून व्हायचंय."

घ्या! जिच्या मायनं हे मंडळी उभी केली, तिचाच हात मोजत नाहीत.

हात वर होऊ लागले. एक त्याचा, ज्याच्या पोराले यशवंतरावायनं नोकरी लावून देतो म्हटलं होतं. एक त्याचा, ज्यानं टाकीचा ठेका घेतला होता. अजून काही, अर्धे अर्धे, खाली पाहून. बायकायचे हात मांडीवरच होते. बुद्धभूषण दारातून पाहून राहिला होता, अन् त्याले दिसलं, की निरंजनचाही हात वर आहे.

निरंजनचा!

आजीनंही पाहिलं. तिनं तोंडावर पदर घेतला.

"ठीक है, पास," यशवंतराव म्हणाले अन् कागद गोळा कराले लागले.

"गिन तो ले साहेब!" बायकायतून एक जण ओरडली. "हमर हाथ तो नीचे हे!"

"मोजा न!" बुद्धभूषण दारातून ओरडला. "हात वर कमी आहेत, खाली जास्त आहेत. मोजा!"

यशवंतरावायनं त्याच्याकडं पाहिलं, चष्म्यावरून. "आपण कोण?"

"मी टाईप करणारा."

"मग टाईप करा."

दोन-चार माणसं हसली. सभा उठली. पांढरी गाडी निघूनही गेली. आपण हात वर करतो, म्हणे! हात वर कराचे अन् मोजाचे मात्र नाहीत. असल्या हातापेक्षा बिशप काय वाईट?

बाहेर बुद्धभूषणनं निरंजनची कॉलर धरली. "तू? अबे तू?"

"छोड़." निरंजन त्याच्याकडं पाहत नव्हता. "तुझे कुछ नहीं समझता."

त्या दिवशी बुद्धभूषण बसनं परतला. दुकानात भैय्यालालले साफ सांगितलं, हे मी टाईप करत नाही. भैय्यालाल पानाची पिंक टाकून म्हणाला, "अरे भैया, हम मंदिर का छापते हैं, मस्जिद का छापते हैं. सच-झूठ का ठेका लिया है क्या अपन ने?" अन् दुसऱ्या पोट्ट्याकडून करून घेतलं. राग असा येते की माणसाले वाटते, आता आभाळ पडन. आभाळ काही पडत नाही. बिल बनते.

पंच्याहत्तरी झाली. पाहुणे आले, हार घातले, ड्रोन उडवला. आजी गेलीच नाही. घरीच ओट्यावर बसून राहिली, अन् माईकवर पूज्य साहेबाचा जयजयकार तिले तिथंही ऐकू येत होता. टाकीत कोण्या दुसऱ्याच पोट्ट्यायले बुडवलं. मेंबरायच्या नव्या यादीत शेवंताबाई नाही.

दोघं दोस्त बरेच दिवस बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी निरंजन कारखान्याच्या कपड्यातच गुढियारीत आला, ग्रीसचे हात, काखेत ती गुळगुळीत स्मरणिका. चहाच्या टपरीवर बुद्धभूषणसमोर ठेवली.

"छाप दिया," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

चहा आला. कोणी उचलला नाही.

"आजी बोलते तुझ्याशी?" बुद्धभूषणनं विचारलं.

"बोलती है. यही तो. त्याबद्दल परवापर्यंत एक शब्द नाही. वाढते, अजून घे म्हणते. एक दिवस शिवी दिली असती त बरं वाटलं असतं." निरंजन पहिल्यांदा त्याच्याकडं पाहून मराठीत सलग बोलाले लागला. "मी तिच्या जागेसाठी हात वर केला बे. मले वाटलं, एक डुबकीच त आहे. घेईन, नाव लागन, जागा पक्की होईन. मी यशवंतरावसाठी नाही केला."

"तिले विचारलं होतं?"

निरंजननं मान हलवली. नाही.

"मग?"

"परवा तिनंच काढलं. भाजी निवडता निवडता म्हणे, निरंजन, तुले माही काळजी होती, मले समजते. पण माह्या मायले खोटं पाडून मले तिच्या बाजूले निजवतं का रे?" निरंजननं ग्रीसचे हात पँटीले पुसले. "मी काय बोलू? सांग न."

बुद्धभूषणले राग होता अजून, निरंजनवरही होता, ते तो लपवत नाही. पण त्यानं ती स्मरणिका उलटी करून बाजूले सारली.

"आता तिले दम लागते," निरंजन म्हणाला. "डॉक्टर म्हणते, वय आहे. उद्या काही झालं त? चर्चवाले म्हणतील मेंबर नाही, गाववाले म्हणतील आमच्या जमिनीत नाही. कहाँ ले जाऊँगा मैं उसको?"

"कुठंच न्याचं नाही. तिच्या मायच्या बाजूलेच."

"अन् गेट बंद केलं त?"

"त मी गेटसमोर बसतो." बुद्धभूषणनं थंड झालेला चहा त्याच्यासमोर सरकवला. "एकटा नाही. विहारातले पोट्टे आणतो, माह्या आईले आणतो, त्या गिन तो ले म्हणणाऱ्या बाईले पुढं बसवतो. पोलीस येऊ दे, यशवंतराव येऊ दे. आजी आत गेल्याशिवाय मी उठत नाही. फक्त एक कर, पयला फोन मले कर. दिवस असो, रात असो. बाकी कोणाले मग कर."